बाळ बुजू लागते तेव्हा: परक्या माणसाशी ओळख कशी करून द्यावी

पाचव्या महिन्यात कोणीही हात पुढे केला की हसत झेपावणारे बाळ आठव्या महिन्यात दारात नवा माणूस दिसताच गप्प होते, ओठ काढते आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडू लागते. हा बदल अनेकदा थोड्या दिवसांतच दिसू लागतो, म्हणून घरातली माणसे गोंधळून जातात. कोणी म्हणते बाळ हट्टी झाले, कोणी म्हणते त्याला सतत कडेवर घेऊन सवय बिघडवली, आणि ज्याला पाहून ते रडले त्याच्या मनाला लागते ते वेगळेच. वास्तविक बाळ बुजते याचा अर्थ त्याला आपली माणसे कळू लागली, इतकाच असतो. या काळात शिकवण्यासारखे जे काही असते ते बाळापेक्षा त्याच्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसाला शिकवावे लागते, आणि पुढच्या बहुतेक सूचना त्याच्यासाठीच आहेत.

ही भीती येते कुठून

माणसामाणसांतला फरक बाळाला जन्मापासूनच काही प्रमाणात कळत असतो. नवजात बाळाला परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज अधिक हवासा वाटतो, हे अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली एका सुंदर प्रयोगातून दाखवून दिले. विशिष्ट लयीत चोखले की आईचा आवाज ऐकू येईल अशी व्यवस्था त्यांनी केली होती, आणि अवघ्या काही दिवसांची बाळे तो आवाज ऐकण्यासाठी आपली चोखण्याची लय बदलत होती. मग इतकी ओळख असूनही पहिले पाच-सहा महिने बाळ सर्वांकडे पाहून का हसते? कारण ओळखणे वेगळे आणि ताडून पाहणे वेगळे. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर समोर नसलेली गोष्ट मनात धरून ठेवण्याची क्षमता वाढू लागते. त्यामुळे समोरचा चेहरा मनातल्या चेहऱ्यांशी जुळतो की नाही हे बाळ पाहू शकते, आणि तो जुळला नाही की हा माणूस कोण आणि आता काय करणार, असा काहीसा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागणारी भाषा आणि अनुभव मात्र त्याच्यापाशी अजून नसतात.

मानसविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी या अवस्थेला ‘आठव्या महिन्यातील भीती’ असे नाव दिले आणि बाळाच्या मानसिक घडणीतला तो एक महत्त्वाचा टप्पा मानला. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगो येथे ६० बाळांचा प्रदीर्घ पाठपुरावा करून १९६४ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत या भीतीचा क्रम स्पष्ट दिसतो: बाळाला आधी विशिष्ट माणसांचा लळा लागतो आणि त्यानंतर साधारण महिनाभराने परक्यांची भीती दिसू लागते. हा क्रम पालकांनी अवश्य लक्षात ठेवावा, कारण बुजण्याकडे दोष म्हणून पाहण्याची सवय त्यामुळे सुटते. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचाराप्रमाणे लहान जिवाने धोक्याच्या वेळी आपल्या माणसाजवळ राहणे हे त्याच्या जगण्याच्याच दृष्टीने उपयोगाचे असते. आणि बाळ ज्या सुमारास रांगून आपल्यापासून दूर जाऊ लागते, नेमके त्याच सुमारास परक्याला पाहून मागे फिरण्याची ही वृत्ती जागी होते.

ही भीती साधारणपणे सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान सुरू होते, वर्षाच्या आसपास पुष्कळ बाळांमध्ये सर्वांत तीव्र असते आणि दुसऱ्या वाढदिवसाकडे जाताना हळूहळू ओसरते. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर हे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत. दोन महिने आधी जन्मलेले बाळ दहाव्या महिन्यात बुजू लागले, तर त्याला उशीर झाला असे म्हणता येत नाही.

याच काळात आई-बाबा दृष्टीआड झाले की रडण्याची, म्हणजे वियोगाची, भीतीही वाढत असते. दोन्ही भीती एकमेकींत मिसळतात, पण त्या एक नाहीत. आईच्या मांडीवर सुखरूप बसूनही बाळ परक्याला बुजू शकते, आणि लाडक्या आजीपाशी असूनही आई बाहेर गेली म्हणून रडू शकते. कशासाठी रडते आहे हे ओळखता आले तर उपायही नेमका करता येतो, कारण पहिल्या वेळी परक्याने मागे सरकण्याची गरज असते आणि दुसऱ्या वेळी निरोप नीट घेण्याची.

रडण्याआधी बाळ काय सांगते

फार थोडी बाळे एकदम रडतात. रडू फुटण्याच्या आधी बहुधा काही क्षण, कधी मिनिटभरही, बाळ वेगवेगळ्या खुणांनी आपली अस्वस्थता सांगत असते आणि त्या खुणा ओळखल्या तर रडणे पुष्कळदा टळते. प्रथम त्याची हालचाल थांबते. हातातले खेळणे हातात राहते, चेहरा गंभीर होतो आणि नजर नव्या माणसावर खिळते. इथवर काही बिघडलेले नसते, ते फक्त निरखत असते. त्यानंतर भुवया आक्रसतात, श्वासाची लय बदलते, हात आपल्या माणसाच्या कपड्यांत गुंततो, शरीर मागे कलते आणि मग खालचा ओठ पुढे येतो. ओठ काढलेला दिसला की परक्याने जागच्या जागी थांबावे, शक्य तर एक पाऊल मागे जावे.

या सगळ्यांत सर्वाधिक गैरसमज नजर वळवण्याविषयी आहे. बाळाने तोंड फिरवले की ‘बघ, मला ओळख दाखवत नाही’ असे म्हणून मोठी माणसे वाकून, हाका मारून, टाळ्या वाजवून पुन्हा त्याच्या नजरेसमोर येतात. १९७० च्या दशकात परक्या माणसासमोर बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून जो अभ्यास झाला, त्यात असे आढळले की बुजलेले बाळ ठोके वाढलेले असताना नजर वळवते, नजर वळवल्यावर ते ठोके खाली येतात आणि मग ते पुन्हा पाहू लागते. म्हणजे तोंड फिरवणे ही बाळाने स्वतःला सावरण्यासाठी घेतलेली विश्रांती असते. ती मोडली की सावरण्याचे त्याच्या हातातले एकमेव साधन आपण काढून घेतो, आणि मग रडण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग उरत नाही. बाळाने तोंड फिरवले तर आपणही दुसरीकडे पाहावे आणि त्याची नजर परत येण्याची वाट पाहावी. पुष्कळदा ती परत येते.

नव्या माणसाने काय करावे

मेरी एन्सवर्थ यांनी आई आणि बाळ यांच्यातील जवळीक अभ्यासण्यासाठी जी प्रसिद्ध प्रयोगपद्धती रचली, तिच्यात एक परकी स्त्री खोलीत येते. ती पहिले मिनिट काहीही न बोलता बसते, दुसरे मिनिट आईशी बोलते आणि तिसऱ्या मिनिटाला बाळाजवळ जाते. ही रचना संशोधनासाठी होती, पण तिच्यातला क्रम घरातही उत्तम मार्गदर्शन करतो. माझ्या मते घरी मात्र मिनिटे मोजू नयेत. कोणाला पाच मिनिटे लागतात, कोणाला अर्धा तास, आणि एखाद्या दिवशी बाळ शेवटपर्यंत जवळ येत नाही. तो दिवस तिथेच सोडून द्यावा.

आल्याबरोबर बाळाकडे न जाता त्याच्यापासून काही पावले दूर, शक्य तर जमिनीवर बसावे. उंच माणूस सरळ चालत जवळ येणे आणि वरून वाकणे हे बाळाला सर्वांत भेवडावणारे असते. खाली बसलेला, स्थिर आणि संथ माणूस त्या मानाने पुष्कळ सुसह्य असतो. लहान मुलांना बाळे मोठ्या माणसांइतकी बुजत नाहीत, हेही येथे ध्यानात घ्यावे. बसल्यावर आई-बाबांशी नेहमीच्या आवाजात बोलत राहावे. बाळ त्या संवादाकडे कान देऊन असते. आपले माणूस या नव्या माणसाशी मोकळेपणाने बोलते आहे, हे त्याला शब्द न कळताही सुरांवरून कळते.

बाळाकडे रोखून पाहू नये. नजरानजर झालीच तर हलके हसून नजर बाजूला न्यावी. काही वेळाने एखादे खेळणे घेऊन आपण स्वतःच त्याच्याशी शांतपणे खेळावे, ठोकळे रचावेत किंवा चेंडू हळूच घरंगळवावा. खेळणे बाळाच्या हातात कोंबू नये. ते दोघांच्या मधोमध ठेवून हात मागे घ्यावा, म्हणजे ते घ्यायचे की नाही हे बाळ ठरवू शकते. या साऱ्या खटाटोपाचे मर्म इथेच आहे: अंतर किती असावे आणि ते कधी कमी व्हावे, याचा ताबा बाळाकडे राहिला की त्याची भीती कुतूहलाला वाट करून देते. बाळाला नव्या माणसाचे भय वाटते तसे आकर्षणही वाटत असते. आईच्या खांद्यावरून चोरून पाहणाऱ्या त्या डोळ्यांत दोन्ही एकदम दिसतात.

बाळ जवळ सरकले, त्याने खेळणे घेतले किंवा परत दिले, तरी लगेच उचलून घेण्याचा मोह आवरावा. पुष्कळ प्रसंगी येथवर जुळत आलेले सगळे या एका घाईने विसकटते. आधी खेळण्यातून देवाणघेवाण व्हावी, मग हाताला किंवा पायाला हलका स्पर्श, आणि बाळाने स्वतः हात पुढे केले तरच कडेवर घेणे. घेतल्यावरही आई किंवा बाबा त्याला दिसतील असे उभे राहावे आणि ओठ काढलेला दिसताच हसतमुखाने परत द्यावे. परत मिळण्याची खात्री असलेले बाळ पुढच्या वेळी लवकर येते. ‘थोडे रडेल, मग होईल सवय’ असे म्हणून रडते बाळ धरून ठेवणे मला मुळीच मान्य नाही, कारण अशा वेळी त्याला त्या माणसाची सवय होण्याऐवजी त्याला पाहिले की आपल्याला सोडवणारे कोणी नसते, एवढाच अनुभव मिळण्याची शक्यता असते.

ओळखीच्या माणसाचे रूप बदलले तरी बाळ बुजू शकते. दाढी काढलेले बाबा, नवा चष्मा लावलेली मावशी किंवा टोपी घातलेले आजोबा त्याला क्षणभर परके वाटतात. अशा वेळी आधी दुरून बोलावे. आवाज ओळखीचा निघाला की चेहराही ओळखीचा होतो.

आई-बाबांनी काय करावे

साधारण वर्षाच्या सुमारास बाळ एखाद्या संदिग्ध प्रसंगी आधी आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते आणि तेथून अर्थ घेते. जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्षाच्या बाळांना काचेच्या पृष्ठभागावर ठेवले होते, ज्याखाली एका ठिकाणी उथळ खड्डा असल्याचा भास होत होता. पलीकडे उभ्या असलेल्या आईचा चेहरा आनंदी दिसला तेव्हा बहुतेक बाळे ती काच ओलांडून गेली. तो भ्यालेला दिसला तेव्हा एकही गेले नाही. पाहुणा दारात असताना आपला चेहरा हेच काम करत असतो. ‘आता हे रडणार’ या धास्तीने आपण आखडलो, बाळाला घट्ट आवळले किंवा घाईघाईने समजावू लागलो, तर धास्ती घेण्यासारखे काहीतरी आहे हेच त्याला समजते. म्हणून पाहुण्याचे स्वागत प्रथम आपण मनापासून आणि सैल अंगाने करावे, बाळाला कडेवर किंवा मांडीवर घेऊन त्याचे तोंड हवे तिकडे वळू द्यावे, आणि सावकाश सांगावे, ‘नवीन वाटले ना तुला? मी इथेच आहे.’ त्याला शब्द कळणार नाहीत, पण आवाजातला निवांतपणा पोहोचतो.

बाळाला ‘घाबरट’ म्हणू नये, रडल्याबद्दल रागावू नये आणि त्याच्या वतीने माफीही मागू नये. नातेवाइकांशी हा विषय आधीच बोलून ठेवणे सर्वांत सोयीचे पडते. ‘सध्या ते माणसे ओळखायला लागले आहे, त्यामुळे थोडा वेळ लागतो, आपण जरा गप्पा मारू, ते आपणहून येईल’ असे आधी सांगितले की कोणाचाही मान दुखावत नाही आणि आल्याआल्या हात पुढे होत नाहीत. विशेषतः दुरून आलेल्या आजी-आजोबांना हे प्रेमाने सांगायला हवे, कारण महिनोन्‌महिने वाट पाहून आलेल्या माणसाला नातवंडाचे रडणे नकारासारखे बोचते. त्यांना घरातच राहायचे असेल तर पहिला दिवस केवळ आसपास वावरण्यात जाऊ द्यावा.

माणसे भेटूच न देणे हा उपाय नाही. बाळाला रडू येते म्हणून सगळ्या भेटी बंद केल्या तर नव्या चेहऱ्यांशी जुळवून घेण्याची संधीच त्याला मिळत नाही. भेटी होऊ द्याव्यात, पण एका वेळी थोडी माणसे असावीत आणि बाळाची झोप झालेली व पोट भरलेले असावे. पेंगुळलेले, भुकेले किंवा आजारी बाळ अधिक बुजते. मोठ्या समारंभाला जायचे असेल तर गर्दी होण्याआधी पोहोचावे, म्हणजे बाळ आधी जागा पाहून घेते आणि माणसे एकेक करून येताना त्याला दिसतात. तयार गर्दीत एकदम शिरणे त्याला फार जड जाते. अशा ठिकाणी शांत कोपरा आधीच पाहून ठेवावा.

दवाखाना आणि नवी सांभाळणारी व्यक्ती

या दोन प्रसंगी परक्याचा सहवास टाळता येत नाही, म्हणून त्यांचा वेगळा विचार करावा. तपासणीच्या वेळी शक्य तेवढा वेळ बाळ मांडीवरच राहू द्यावे, आणि डॉक्टरांना आधी काही क्षण आपल्याशी बोलण्याची विनंती करावी. छातीचे ठोके ऐकण्याची नळी आधी आपल्या हाताला किंवा खेळण्याला लावून दाखवली तर काही बाळे निवळतात. ज्या तपासणीने बाळ हमखास रडते ती शेवटी ठेवता येईल का, हेही विचारून पाहावे.

सांभाळणारी व्यक्ती नवी असेल तर कामावर रुजू होण्याच्या दिवशीच बाळ तिच्या हाती देणे हा सर्वांत कठीण मार्ग होय. आधीचे काही दिवस तिने आपण घरी असताना यावे. पहिल्या भेटींत तिने फक्त खेळावे, नंतर आपल्या देखत भरवणे, कपडे बदलणे अशी कामे हाती घ्यावीत, त्यानंतर आपण दहा-पंधरा मिनिटे बाहेर जाऊन यावे आणि तो अवधी दिवसागणिक वाढवावा. जाताना बाळाचा डोळा चुकवून निसटू नये. त्या क्षणी रडे टळते खरे, पण आपले माणूस कधीही नाहीसे होऊ शकते असे वाटून बाळ पुढे अधिकच चिकटून राहू शकते. रोज तेच एक-दोन शब्द बोलून, हसून, थोडक्यात निरोप घ्यावा आणि घेतल्यावर दारात रेंगाळू नये. ओळखीचे पांघरूण किंवा खेळणे जवळ असल्याचा बाळाला जागेपणी आधार वाटतो; वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागेत मात्र मऊ खेळणी आणि सैल पांघरुणे ठेवू नयेत. चेहरा झाकून पुन्हा दाखवण्याचा जुना खेळ या दिवसांत भरपूर खेळावा. दिसेनासे झालेले माणूस परत येते, हा अनुभव त्यात बाळाला हसतखेळत पुन्हा पुन्हा मिळतो.

प्रत्येक बाळाचा पिंड वेगळा

सगळी बाळे सारखी बुजत नाहीत. हॅरिएट ऱ्हाइनगोल्ड आणि कॅरोल एकरमन यांनी तर १९७३ साली असे ठामपणे मांडले की परक्याची भीती मानली जाते तितकी सार्वत्रिक नाही आणि कित्येक बाळे नव्या माणसाशी मैत्रीनेच वागतात. जेरोम केगन यांच्या दीर्घ अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी बाळे चौथ्या महिन्यातच नव्या दृश्यांना आणि आवाजांना फार जोरकस प्रतिसाद देताना आढळली, आणि अशा बाळांचा कल पुढे नव्या माणसांसमोर व प्रसंगांत अधिक जपून वागण्याकडे राहिला. त्यामुळे शेजारचे बाळ सर्वांकडे जाते म्हणून आपल्याने जावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. थोरल्याच्या वेळी यशस्वी ठरलेली रीत धाकट्याला लागू पडेलच असेही नाही.

केवळ बुजत नाही म्हणून काळजी करण्याचे कारण नसते. बाळ आपल्या माणसाला पाहून खुलते का, लागले-खुपले की त्याच्याकडेच वळते का, हे पाहावे. ते होत असेल तर नव्या माणसांशी त्याचा मोकळेपणा हा स्वभावाचा भाग समजावा. मात्र दुखले तरी ते कोणाकडेच आधारासाठी वळत नसेल, वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, नजरेला नजर देत नसेल, किंवा येत असलेल्या गोष्टी करेनासे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. चालते-बोलते मूल आपल्या माणसाकडे वळूनही न पाहता कोणाही अनोळखी व्यक्तीबरोबर निघून जात असेल, तर तेही सांगावे. दुसऱ्या बाजूला, परक्यांच्या भीतीने बाळाचे खाणे आणि झोप आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, किंवा दुसरे वर्ष उलटून बराच काळ गेला तरी ती भीती तितकीच तीव्र असेल, तर सल्ला घ्यायला उशीर करू नये. जाताना आठवड्याभराची लहानशी नोंद बरोबर न्यावी: बाळ कोणाला पाहून बुजले, ती व्यक्ती किती जवळ आली होती, त्या वेळी बाळ कोणाच्या कडेवर होते, आणि सावरायला त्याला किती वेळ लागला. दवाखान्यातल्या थोड्या मिनिटांत डॉक्टरांना जे दिसू शकत नाही, ते त्यांना या नोंदीतून कळते.